स्थिती : उपलब्ध

हिंगणी, ३ नोव्हेंबर २०२५

चि. समीक्षा हिला लक्ष्मणमामाचे सविस्तर आशीर्वाद.

हे पत्र तारेवाटे येत असले तरी पत्रच आहे. त्याला 'मेल' म्हणून त्याचे अवमूल्यन करू नये.

विषय गंभीर असल्याने प्रस्तावना अल्प ठेवतो. तुझ्या मातोश्रींनी, म्हणजे माझ्या ताईने, उपकेंद्रात नर्स असताना पंचक्रोशीतल्या रक्तदात्यांची जी वही घातली आणि जिला तू पुण्यात बसून संगणकीय देह दिलास, तिचा मी गेल्या मार्गशीर्षापासून उत्तराधिकारी आहे. सेलूच्या शाळेत संस्कृत शिकवायला निघण्यापूर्वी, सकाळी सात ते आठ, ग्रामपंचायतीमागच्या ताईच्या खोलीत, तिच्याच लॅपटॉपपुढे बसून मी हे पद भूषवितो. वेतन शून्य, अधिकार त्याहून कमी.

गेल्या गुरुवारी चिंधूचा हात मळणीयंत्रात गेला. रक्तगट बी निगेटिव्ह. रुग्णालयाने नोंदवहीत मागणी टाकली आणि नोंदवहीने सर्वांत जवळचा 'उपलब्ध' दाता शोधून त्याला संदेश धाडला. तो दाता म्हणजे आपली ताई, सौजन्यमूर्ती कै. सुलोचना, वास्तव्य हिंगणी. पुढचा नियम खुद्द ताईचाच: एका वेळी एकालाच हाक, अर्धा तास प्रतीक्षा, मगच दुसऱ्याला. "सगळ्यायले एकदम बलावलं का जो तो म्हणते दुसरा गेला असन," हे तिचे शास्त्र. त्या शास्त्रास अनुसरून यंत्राने अकरा महिन्यांपूर्वी निवर्तलेल्या बाईची तीस मिनिटे वाट पाहिली आणि नंतर देवळीच्या रोशनला हाक दिली. रोशनची वाट पाहण्याइतका वेळ उरला नाही, म्हणून वर्ध्याच्या रक्तपेढीने आपली एकमेव राखीव पिशवी दिली आणि रोशनचे रक्त घ्यावे लागले नाही. चिंधू वाचला. डॉक्टरांनी निघताना त्या तीस मिनिटांचा उल्लेख केला. तो मी येथे उद्धृत करीत नाही.

त्याच सायंकाळी मी मोबाइलवर यादी उघडली आणि ताईच्या नावापुढे 'स्थिती' या रकान्यात 'उपलब्ध' काढून 'दिवंगत' निवडले. अकरा महिने हे काम राहून गेले होते. का राहिले, यावर मी स्वतंत्र प्रबंध लिहू शकेन. शुक्रवारी पाहतो तो पुनश्च 'उपलब्ध'. शुक्रवारी बदलले, शनिवारी पुनश्च. शनिवारी बदलले, रविवारी तेच. मृत्यूची वार्ता स्वीकारण्यास हे यंत्र माझ्याहून नाखूष दिसते.

परिहास बाजूला ठेवतो. जंगलाकडच्या टोल्यावरचा (त्या लहानशा वस्तीवरचा) टिकाराम तुला आठवत असेल. त्याची मुलगी स्वीटी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. रक्त अतिशय कमी, गट तोच, तारीख बावीस नोव्हेंबर. या गटाचे नोंदवहीत दोनच दाते आहेत: एक रोशन आणि एक तुझी आई. स्वीटीच्या वेळी पहिला अर्धा तास वाया जाता कामा नये.

तेव्हा हे निर्मात्री, तुझ्या सृष्टीत लक्ष घाल.

तुझा,
लक्ष्मणमामा

—

पुणे, ५ नोव्हेंबर

ती. मामांना समीक्षाचा नमस्कार.

तुमचे पत्र ऑफिसात वाचले आणि शेवटच्या ओळीवर हसले. नंतर पुन्हा वाचले तेव्हा हसू आले नाही.

सोमवारी संध्याकाळी मी स्वतः आईच्या नोंदीत 'दिवंगत' केले. मीही अकरा महिने ते टाळलेच होते. मंगळवारी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी ते पुन्हा 'उपलब्ध' झाले. काल संध्याकाळी पुन्हा बदलले. आज सकाळी सात एकोणीसला परत तेच.

एक रकाना बदलणे हे या धंद्यातले सर्वांत साधे काम. पहिल्या आठवड्यात आलेल्या मुलांनाही आम्ही तेच देतो. ते टिकत नाही याचा अर्थ दुसरे कोणीतरी त्यावर पुन्हा लिहीत आहे. म्हणून दोन गोष्टी विचारते. आईची नोंद कोणत्या यंत्रावर उघडी राहिली आहे का? ती पासवर्ड विसरायची, म्हणून तिच्या लॅपटॉपवर मी लॉगिन कायमचे ठेवले होते. त्या लॅपटॉपवर तिचे पान कोणी उघडते का?

दुसरी गोष्ट. चिंधूच्या वेळी आईच्या क्रमांकावर जो संदेश गेला, त्यापुढे 'पोहोचला' अशी नोंद आहे. बंद फोनवर संदेश पोहोचत नाही. आईचा फोन कुठे आहे?

स्वीटीच्या तारखेच्या आत हे नीट करते. काळजी करू नका.

समीक्षा

—

हिंगणी, ८ नोव्हेंबर

चि. समीक्षा,

तुझी प्रश्नावली प्राप्त झाली. उत्तरे क्रमाने.

लॅपटॉप केवळ मी वापरतो. ताईचे पान मी उघडत नाही. फोनविषयी म्हणशील तर तो बहुधा कपाटात कोठेतरी असावा. जुन्या वस्तूंना स्वतःची इच्छा असते.

येथील विद्वत्सभेने मात्र निदान केले आहे. ग्रामपंचायतीत झाडणारी देवकाबाई परवा मला दारात अडवून म्हणाली, "मास्तर, सुलोचनाबाई गेलीच नाई. मी सकाळी अंगण झाडत होती तं खोलीतून बटनं दाबल्याचा आवाज येऊन राह्यलता. खट् खट् खट्. बाई अशीच लिहे, दमादमानं."

"किती वाजता?" मी विचारले.

"सव्वासात. धुकं होतं. मी तं खराटा टाकून पराली."

सव्वासातला त्या खोलीत मीच असतो, हे मी तिला सांगितले नाही. भुताची प्रतिष्ठा राखणे हे प्रत्येक ग्रामस्थाचे कर्तव्य आहे. तिने मला लिंबू आणि बिबे आणून दिले. ते मी लॅपटॉपशेजारी ठेवले आहेत. त्यांचा तुझ्या त्या फ्रेमवर्क नामक सांगाड्यावर काही परिणाम होत असल्यास कळवावे.

काल टिकाराम आला होता. बसला नाही. टोपी हातात घेऊन उभाच.

"गुरुजी, चिंधूच्या टायमाले पयला मेसेज सुलोचनाबाईले गेलता म्हणते. खरं हाय का?"

मी म्हणालो, "यंत्रात किंचित् दोष उद्भवला आहे. भाची पुण्याहून निवारण करते आहे."

"बाईच्याच हातानं माही स्वीटी जन्माले आली, गुरुजी. बाईवर माहा भरोसा हाय. पर बाई आता येऊ शकत नाई ना."

मी पुन्हा खुर्ची पुढे केली. तो म्हणाला, "बावीस तारीख हाय, ध्यानात ठेवजा," आणि गेला.

उद्या रविवारी मी वडनेरला एका साखरपुड्यास जातो आहे. मंगलाष्टकांना अवकाश आहे, परंतु भाषणासाठी मजवाचून कोणी नाही असे वरपक्षाचे मत आहे. वधूपक्षाचे मत कोणी विचारलेले नाही.

लक्ष्मणमामा

—

पुणे, ११ नोव्हेंबर

ती. मामा,

मी रोज संध्याकाळी 'दिवंगत' करते. रोज सकाळी सात पंधरा ते सात पंचवीसच्या दरम्यान ते 'उपलब्ध' होते. गुरुवारी झाले, शुक्रवारी झाले, शनिवारी झाले. रविवारी झाले नाही. रविवारी दिवसभर आई दिवंगत होती. काल सोमवारी सकाळी पुन्हा उपलब्ध.

माझ्या दोन सहकाऱ्यांना दाखवले. त्यातला एक म्हणाला, तुमच्या गावाकडे भुताला साप्ताहिक सुट्टी असते वाटतं. ऑफिसात सगळे हसले. त्यांना ही नोंद कोणाची आहे हे माहीत नव्हते, आणि मी सांगितले नाही.

उद्यापासून मी नोंदवहीला एक इतिहास जोडते आहे. कोणत्या यंत्रावरून, कोणी, काय जतन केले हे त्यात दिसेल. दोन-तीन दिवसांत उलगडा होईल.

फोन सापडला का?

समीक्षा

—

हिंगणी, १३ नोव्हेंबर

चि. समीक्षा,

तुझ्या कर्तव्यनिष्ठेविषयी मला नितांत आदर आहे. तथापि एक विनम्र सूचना करतो. हा इतिहास वगैरे जोडण्याचा खटाटोप कशाला? तू आधीच दिवसभर यंत्रांशी झुंजतेस. स्वीटीची चिंता तू माझ्यावर सोपव. रोशनचा क्रमांक मजपाशी आहे. वेळ येताच मी स्वतः त्याला दूरध्वनी करीन. यंत्राला तिची वाट पाहायची असेल तर पाहू दे. त्याने कोणाचे काय बिघडते?

एका रकान्यासाठी एवढी यातायात योग्य नव्हे.

येथे कापूस वेचणी जोरात आहे. धरणाकडून येणारे धुके नऊपर्यंत हलत नाही. इतर सर्व कुशल.

लक्ष्मणमामा

—

पुणे, १६ नोव्हेंबर

ती. मामा,

तुमचे पत्र नेहमीपेक्षा लहान होते आणि त्यात एकही विनोद नव्हता. तेव्हाच मला कळायला हवे होते.

इतिहास पाहिला. तीन सकाळी, आईच्या लॅपटॉपवरून, आईच्याच लॉगिनने, आईचेच पान जतन झाले. तिन्ही वेळा फक्त 'शेरा' या रकान्यात एक नवी ओळ होती. मी शेरा उघडला.

वरचा भाग आईचा आहे. वहीला वेगळी डायरी नको म्हणून ती सकाळी आधी स्वतःच्याच पानावर दिवसाची कामे लिहायची, हे मला माहीत नव्हते. तिची शेवटची ओळ अशी: "८ डिसेंबर. रोशनला तीन महिने झाले, विचारणे." त्याखाली तुमच्या ओळी सुरू होतात. तीनशेहून जास्त आहेत. तुमच्या पत्रांत असतात तसला एकही शब्द त्यांत नाही.

"४ नोव्हेंबर. धुके. तुझी खुर्ची डगमगते, तशीच ठेवली."

"६ नोव्हेंबर. पोरगी फोनचे विचारते. काय सांगू."

"७ नोव्हेंबर. रात्री तू नव्हतीस, आता पुन्हा आहेस. कारण विचारत नाही."

मामा, कारण सांगते. ते तुम्हाला क्षुल्लक वाटेल. ते क्षुल्लकच आहे. आमच्या फ्रेमवर्कला नुसते 'जतन कर' म्हटले की ते अख्खी नोंद लिहिते, पानावर जे जे दिसते ते सगळे. एवढा एकच रकाना लिही, बाकीच्यांना हात लावू नकोस, असे त्याला मुद्दाम सांगावे लागते. मी ते सांगितले नव्हते. चूक माझी. आपण संध्याकाळी यादीत 'दिवंगत' करायचो, पण तुमच्यापुढचे पान आदल्या सकाळचे होते. त्यावर 'उपलब्ध'च दिसत होते. तुम्ही शेऱ्यात एक ओळ लिहून जतन केले की तिच्याबरोबर तो जुना शब्दही जायचा. वडनेरला गेलात त्या दिवशी कोणी लिहिले नाही, म्हणून कोणी परतले नाही.

काल मी ते दुरुस्त केले. आता ज्या रकान्याला हात लागेल तेवढाच लिहिला जाईल. तुम्ही शेऱ्यात रोज लिहा. त्याने आईची स्थिती बदलणार नाही.

मीही एक गोष्ट लपवली आहे. गुरुवारी दुपारी मी आईच्या क्रमांकावर फोन केला. सहा वेळा वाजला आणि कोणीतरी उचलला. पलीकडून कोणी बोलले नाही. मीही बोलले नाही. मागे शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली, तरी मी ठेवला नाही. बहुतेक दोन मिनिटे आपण दोघे तसेच होतो.

आजच्या घटकेला तिची स्थिती 'उपलब्ध' आहे. काल दुरुस्ती झाल्यावर मी ती बदलणार होते. इतक्या संध्याकाळी बदलली, कारण सकाळी ती परत येणार हे मला ठाऊक होते. आता परत येणार नाही म्हटल्यावर माझा हात चालला नाही. हे तुम्हाला करावे लागेल, मामा. तुम्ही तिच्या खोलीत बसता. बावीस तारखेच्या आत करा.

समीक्षा

—

हिंगणी, २० नोव्हेंबर

चि. समीक्षा,

अपराधी या नात्याने लिहितो. कलमे मीच लावून घेतो.

फोन माझ्या खिशात असतो. तो मी चार्ज करतो, त्याचा रिचार्ज भरतो. चिंधूच्या दिवशी संदेश आला तेव्हा तो वर्गात, शब्दरूपे चालवीत असताना, माझ्या छातीशी थरथरला. मी काढून पाहिला नाही. ताईला कोणी बोलावीत आहे एवढेच जाणवले आणि, तुला खोटे सांगत नाही, बरे वाटले. तास संपल्यावर वाचले. तोवर अर्धा तास उलटून गेला होता.

पान मी उघडत नाही असे तुला लिहिले. ते शब्दशः सत्य आहे; मी ते कधी बंदच केले नाही. आणि कारण मला तुझ्या इतिहासाआधीच कळले होते. रविवारी लिहिले नाही तर ती गेलेलीच राहिली. सोमवारी लिहिले आणि आली. तर्कशास्त्र मलाही येते. मी लिहितो आणि ती उपलब्ध होते, याला इतर लोक दोष म्हणतील. मी त्याला उत्तर समजत होतो. तुला इतिहास जोडू नकोस म्हणालो ते त्यासाठी.

तुझे सोळा तारखेचे पत्र वाचून मी तीन दिवस काहीही केले नाही. सहा दिवस हाती आहेत, असा हिशेब केला. गर्भस्थ जीव पंचांग पाळत नाहीत हे ताई असती तर तिने सांगितले असते.

काल सकाळी साडेसातला टिकारामचा फोन. "गुरुजी, पोरीले सेलूले आणलं. पह्याटेपासून दुखून राह्यलं. डाक्टर म्हणते रक्त लागनच. मागणी टाकतो म्हणते आता."

मी रोशनला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पाच वेळा. (काल सायंकाळी त्याने याचे स्पष्टीकरण दिले: "मामाजी, राग नोका मानू. तुमचा फोन म्हंजे अर्धा घंटा भाषण. वहीचा मेसेज आला का मी हातातलं सोडतो.") माझी सारी योजना माझ्याच वक्तृत्वाने निष्फळ झाली होती.

टिकारामचा पुन्हा फोन. "नर्सबाई लिहून राह्यली कॉम्प्युटरवर. कोनाले जाईन गुरुजी मेसेज?"

मी म्हणालो, "थांबव तिला. दोन मिनिटे. मी सांगेपर्यंत बटन दाबू नको म्हणावे."

"काऊन?"

"टिकाराम, थांबव."

ताईचे पान समोरच होते. स्थितीचा रकाना मी आजवर मोबाइलवर, यादीत, शंभर नावांतले एक नाव म्हणून बदलला होता. तिच्या पानावर, तिच्या छायाचित्राखाली, कधी नाही. रकान्यावर दाबले की चार पर्याय उघडतात: उपलब्ध, तूर्त नाही, गाव सोडले, दिवंगत. 'गाव सोडले' यापाशी मी थांबलो. किती वेळ थांबलो ते तुझ्या इतिहासात असेल. मला सांगू नकोस. कानाशी टिकारामचा श्वास ऐकू येत होता. तो घाई करीत नव्हता. मागे कुठेतरी त्याची मुलगी ओरडत होती, आणि ती आईला हाका मारीत होती.

मी शेवटचा पर्याय निवडला आणि जतन केले.

"आता दाब म्हणावे."

खिशातला फोन थरथरला नाही. आयुष्यात मी एखाद्या गोष्टीची इतकी वाट पाहिली नव्हती, आणि ती न होण्यासाठी इतकी प्रार्थनाही केली नव्हती. चौथ्या मिनिटाला पडद्यावर उमटले: रोशन, देवळी, 'निघालो'. नऊ वाजता तो वर्ध्याच्या रक्तपेढीत आडवा झाला होता. रक्त अकराच्या आत सेलूला पोहोचले. स्वीटीला ती सगळी पिशवी लागली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आले. मुलगी झाली, सव्वादोन किलो. दोघी ठीक आहेत. टिकाराम म्हणतो, नाव ठेवायला पुण्याची ताई आली पाहिजे. तेव्हा रजेचा अर्ज कर.

आज सकाळी मी खोलीत उशिरा, साडेसातला गेलो. देवकाबाई अंगण झाडीत होती, मला पाहून म्हणाली, "आज आवाज नाई आला, मास्तर." मी म्हणालो, मी आत्ताच येतो आहे. तिने खराटा थांबवून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा झाडू लागली.

पान उघडेच होते. स्थिती दिवंगत. सवयीने शेऱ्यात एक ओळ लिहिली. ती लिहिताना मला ठाऊक होते की ही जतन केली तरी वरचा शब्द हलणार नाही. तुझी दुरुस्ती निर्दोष आहे. तुझ्या गुरुजनांना तुझा अभिमान वाटावा. मग मी जतन न करताच, प्रथमच, ते पान बंद करावयास गेलो. यंत्राने एक चौकट पुढे केली आणि अतिशय सभ्यपणे विचारले: हे पान सोडायचे? तुम्ही लिहिलेले जतन होणार नाही.

ओळ काय होती ते तुला सांगणार नाही. मी 'सोडा' वर दाबले.

तुझा,
लक्ष्मणमामा